अभिजित मुहूर्तावरचा स्लॅब

रुईकर कॉलनी, कोल्हापूर
१० एप्रिल २०२४

चि. निशिगंधा हिस,

दोन वर्षांपूर्वी मी तुला सांगितलं होतं की यापुढे फोनवर तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. तो शब्द मी पाळला आहे. पत्राबद्दल मी काहीही म्हटलेलं नव्हतं. तेव्हा हे पत्र आलं म्हणजे आई नमली, असा अर्थ काढू नकोस.

काल पाडवा होता. तुझे कोडोलीचे आण्णा साखरेची माळ घेऊन आले आणि श्रीखंड खाता खाता म्हणाले, "निशीचं घर लई झ्याक चाललंय की." म्हणजे तुझ्या बाबांच्या थोरल्या भावाला तुझ्या घराचे फोटो दर आठवड्याला मिळतात, आणि मला, जन्म दिला तिला, बातमी मिळते ती श्रीखंडाच्या वाटीबरोबर. फोटो मी मागितला नव्हता. आण्णांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला म्हणून दिसला. वाळू, चार भिंती, एक काटेरी झाड आणि डोक्याला फडकं गुंडाळलेली तू. वाळलीस.

पोकरणला लोक बाँब फोडायला जातात, निशिगंधा. घर बांधायला कोणी जात नाही. तू आधी सोलरच्या कंपनीत पाया भरायला म्हणून गेलीस, ते मी समजू शकले. नोकरी ती नोकरी. मग जोधपूरच्या कुठल्याशा कचेरीत सही करून लग्न केलंस आणि संध्याकाळी फोनवर कळवलंस, जसं काही गॅसचा नंबर लावला. आणि आता घर! पेपरात रोज तापमान छापतात, त्यात तुमच्या भागाचं काल एकेचाळीस होतं. मी मुद्दाम बघत नाही. क्रिकेटच्या पानावरच असतं ते.

इथे तुझं घर आहे. तुझ्या बाबांच्या मागे मी एकटीनं वरचा मजला चढवला तो हवा खायला नाही. दोन खोल्या, मोरी, गच्ची, आणि खाली पंचगंगेचं पाणी चोवीस तास. आता तू येत नाहीस म्हटल्यावर तो भाड्यानं द्यायचा आहे. आतापर्यंत तिघे बघून गेले. एकाकडे कुत्रा होता, एकजण तबला वाजवतो, आणि तिसरा मला नुसताच आवडला नाही.

मला एवढंच विचारायचं आहे की आपल्याकडे जागा असताना माणूस तव्यावर घर का बांधतं? उत्तर दिलंस तर वाचेन.

पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. लिहिला असं समज.

आई

तिकडे स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला काढली आहे म्हणे. कोणत्या गाढवानं काढली?


कोल्हापूर
२६ एप्रिल २०२४

निशिगंधा,

पत्र मिळालं. खिडकी तू स्वतः काढली आहेस हे वाचलं. दुपारी बंद ठेवायची आणि संध्याकाळी वाऱ्याला उघडायची, वर जाड छज्जा, हेही वाचलं. ठीक आहे. गाढव हा शब्द मी मागे घेत नाही, पण पुढेही ढकलत नाही.

सोलरची नोकरी सोडलीस हे मला आण्णांनी सांगितलं नव्हतं. म्हणजे आता तू आणि तुझा तो, दोघं मिळून लोकांना घरं बांधून देणार. आणि हे तुमचं पहिलं घर, राहायला आणि दाखवायलाही. लोक येऊन छताला हात लावून बघणार, दुपारी आत उभं राहून बघणार, आणि पटलं तर काम देणार. तोवर तुम्ही शेजारी पत्र्याच्या खोलीत. पत्र्याच्या! एकेचाळीस अंशात! मी एकतीस वर्षं वीज मंडळात लोकांच्या तक्रारी ऐकल्या, पण पत्र्याखाली राहून स्वतः होऊन "मजेत आहे" असं लिहिणारा ग्राहक मला भेटला नाही.

पुढच्या महिन्यात स्लॅब म्हणतेस. त्यावर मी हंबीररावांशी बोलले. आपला वरचा मजला बांधणारे तेच. आवाज तसाच आहे, गल्लीच्या टोकाला कळतं आत काय चाललंय ते. सध्या निवडणुकीच्या गाड्यांचे भोंगे चालू आहेत, पण हंबीरराव बोलायला लागले की भोंगा ऐकू येत नाही.

मी विचारलं, "वाळवंटात स्लॅब टाकायचा तर काय काळजी घ्यायची?"

"त्यात काय काळजी, मॅडम? आमच्या हिकडं पावसाची भीती. तितं पाऊसच न्हाय म्हटल्यावर मज्जाच की! कडाक ऊन. दुपारी टाकला की सांच्याला वाळून खडखडीत."

"वाळवंटात कधी गेला होतात का?"

"न्हाय. पर ऊन म्हंजे ऊनच की."

तर हे तुझ्या माहितीसाठी. मला यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

आणखी एक. आण्णांनी मुहूर्त पाठवला आहे. सहज आले होते, सहज विषय निघाला, त्यांनी पंचांग काढलं. अक्षय तृतीया, अभिजित मुहूर्त, म्हणजे भर माध्यान्ही. माझा यावर विश्वास नाही, तुला माहीत आहे. कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या की देवाला घड्याळ दाखवू नये. पण घराच्या छपराला घरच्यांकडून काही गेलं नाही असं नको. चिठ्ठी सोबत आहे, त्यावर आण्णांनी हळद लावली आहे. ती पत्राला लागली, त्याला माझा इलाज नाही.

कामगारांना जेवायला घाल. नुसत्या चहावर पाठवू नकोस. कोल्हापूरचं नाव जाईल.

आई


कोल्हापूर
१२ मे २०२४

निशू,

परवाचा स्लॅब झाला असेल. तुझं पत्र यायला अजून वेळ आहे, पण मी वाट बघत बसणाऱ्यातली नाही, म्हणून लिहिते.

अक्षय तृतीयेला आमरस केला. माठ भरून पाणी दिलं. दुपारी मुहूर्ताच्या वेळी मला वर गच्चीवर काही काम होतं. काय काम होतं ते आता आठवत नाही. उभी राहिले तर खालून बनाबाई ओरडली, "बाई, चप्पल तरी घाला की! पाय हायत का पापड?" ही बाई माझ्याकडे कामाला आहे की मी तिच्याकडे, हे मला अजून समजलेलं नाही. पाय भाजले, थोडे. तेव्हा मनात आलं की इथे हे असं, तर तुझ्याकडे काय असेल. मग खाली आले.

तुझ्या बाबांना स्लॅबचा दिवस फार आवडायचा. कोणाचाही असो. ऑफिसला जाता जाता स्कूटर थांबवून बघत बसायचे. मिक्सर फिरतोय, घमेली वर चाललीत, कोणी ओरडतंय. म्हणायचे, लग्नात सुद्धा माणसं एवढी मन लावून काम करत नाहीत. लग्नाचं उदाहरण आत्ता द्यायला नको होतं. लिहिलं गेलं, खोडत नाही. खोडाखोड केलेलं पत्र सिस्टर परत द्यायच्या.

फोटो आण्णांना पाठवशीलच. मी त्यांच्याकडे मागणार नाही. पण ते गुरुवारी बाजाराला येतात आणि मी घरीच असते.

आई


कोल्हापूर
२० मे २०२४

निशिगंधा,

हे पत्र मी रागानं लिहिते आहे. बसून, शांतपणे, रागानं.

काल तुझ्या नवऱ्याचा, धवलचा, फोन आला. फोनवर तुझ्याशी बोलणार नाही असं मी म्हटलं होतं, धवलबद्दल काही म्हटलं नव्हतं. म्हणून उचलला. "आई, मी धवल. तिला सांगू नका मी फोन केला," इथपासून सुरुवात. सांगू नका म्हणाला, पण मी तसं वचन दिलेलं नाही, तेव्हा सांगते. मराठी त्याचं अडखळतं, पण खोटं बोलत नाही. बाकीचं हिंदीत बोललो.

निशिगंधा, तू अभिजित मुहूर्तावर स्लॅब टाकलास!

भर दुपारी. चव्वेचाळीस अंशात, त्या लूच्या झळांमध्ये! धवल सांगत होता की कालवलेला माल पाटीतून वर जाईपर्यंत घट्ट व्हायला लागला. एका बाजूचा ओतून होतोय तोवर दुसरी बाजू घट्ट. पुढचा माल त्याला धरेना, मधोमध सांधा राहिला. आणि वरचं अंग सपाट करून होण्याआधी आटलेल्या तळ्यासारखं तडकलं. मला म्हणाला, "आई, ती रोज दुसऱ्यांना सांगते, उन्हाळ्यात दुपारी काँक्रीट नाही. साइटवर कोणी केलं तर भांडते. त्या दिवशी मी म्हटलं, निशू, नको. तर म्हणाली, आज नाही, आज माझ्या आईनं वेळ दिली आहे."

मग मी त्याला विचारलं की तू तिला अडवलं का नाहीस. तो म्हणाला, "ती चिठ्ठी तिनं सिमेंटच्या पोत्याखाली नाही ठेवली, आई. देवाजवळ ठेवली होती." त्यावर मी अच्छासुद्धा न म्हणता फोन ठेवून दिला. बनाबाई समोर होती, तिला विचार, असं कधी झालंय का.

आता मी तुला विचारते. लहानपणी स्वेटर घाल म्हटलं की काढून दप्तरात कोंबायचीस. कॉमर्स घे म्हटलं, इंजिनिअरिंग घेतलंस. इथे राहा म्हटलं, वाळवंटात गेलीस. लग्न विचारून कर म्हटलं, न विचारता केलंस. पस्तीस वर्षांत तू माझं एकही ऐकलं नाहीस, आणि ऐकायला तुला मिळालं काय, तर सिमेंट! जिथे तुला सगळं कळतं आणि मला काही कळत नाही, नेमक्या तिथे!

हंबीररावांना जाऊन धरलं. म्हटलं, सांच्याला खडखडीत ना? तर म्हणतात कसे, "आवो मॅडम, मी आमच्या हिकडचं बोलत हुतो. तिकडचं मला काय म्हाईत?" मग त्या दिवशी एवढं ओरडून कशाला सांगत होतात? "तुमी इचारलं म्हणून." हे उत्तर मी वीज मंडळात असताना कोणाला दिलं असतं तर माझी बदली बिद्रीला झाली असती.

तू दोन दिवस जेवली नाहीस असं कळलं. जेव. स्लॅबसाठी उपास करायची पद्धत कुठल्याही पंचांगात नाही.

आई


कोल्हापूर
४ जून २०२४

निशू,

आज निकाल आहेत. गल्लीत सकाळपासून फटाके आणि गुलाल. या गोंधळात तुझं पत्र आलं, पोस्टमनच्या खांद्यावर गुलाल होता.

तू लिहितेस, "आई, वरचा मजला अजून रिकामा असेल तर आम्ही दोघं येतो. धवललाही तिकडे काम मिळेल. इथे आता कोण आम्हाला घर देईल, ज्यांच्या स्वतःच्या छपराला भेग आहे? तू म्हणतेस तसं, वाळवंट आपल्यासाठी नाही. तू म्हणतेस तसं, इथेच सगळं होतं."

हे वाचून मी पहिल्यांदा काय केलं तर बनाबाईला वरचा मजला झाडायला लावला. मग स्वतः महाद्वार रोडला गेले आणि पडद्याचं कापड आणलं, फिकट पिवळं, तुला आवडतं तसलं. दुकानदाराला सांगितलं, मुलगी येते आहे. त्यानं विचारलं नव्हतं.

संध्याकाळी कापड मांडीवर घेऊन बसले आणि पत्र पुन्हा वाचलं. "तू म्हणतेस तसं." एकदा नाही, पानभर. निशू, मला ते पत्र तुझं वाटेना. तुझं अक्षर काढून कोणीतरी शहाण्या मुलीनं लिहिल्यासारखं. माझी मुलगी मला "तू म्हणतेस तसं" म्हणत नाही. ती म्हणते, "आई, तुला काही कळत नाही, तू मध्ये बोलू नकोस." ते ऐकून मला संताप येतो, पण ओळख तरी पटते.

तेव्हा नीट वाच. येऊ नकोस.

मी असं लिहीन असं मला सकाळी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. दोन वर्षं मी रोज संध्याकाळी वरच्या मजल्याचा दिवा लावून येते. विजेचं बिल येतं त्या रिकाम्या खोल्यांचं, आणि मी, मंडळातली बाई, ते मुकाट्यानं भरते. मला मुलगी घरी यायला हवी होती. पण ती हातात बॅग आणि तोंडावर हसू घेऊन येणारी. माझ्याच चिठ्ठीनं पडलेली मुलगी मला वरच्या मजल्यावर नको आहे. ती जिना चढताना रोज मला दिसेल, आणि मी रोज तिच्याशी भांडेन, आणि ती उलट बोलणार नाही. त्याहून पोकरण परवडलं.

स्लॅब फोड. पूर्ण फोड, डागडुजी करू नकोस. धवल म्हणतो भेगांमध्ये भरायचं रसायन मिळतं. मिळत असेल. पण उद्या गिऱ्हाईक वर बघेल आणि विचारेल ही रेघ कसली, तेव्हा तू काय सांगणार, आईचा मुहूर्त? खर्चाचं मी धवलशी बोलले आहे, त्यात तू पडू नकोस. आम्हा दोघांचं ठरलं आहे.

आणि मला कळव की तुझ्या पद्धतीनं स्लॅब कसा टाकतात. सगळं लिही. मला काही कळत नाही म्हणून सोडून देऊ नकोस. कळत नसलं तरी मला वाचता येतं.

पडद्याचं कापड परत घेत नाहीत. बघू काय करायचं.

तुझी आई


कोल्हापूर
२५ जून २०२४

प्रिय निशू,

पाच पानी पत्र! हे तुझं आहे. तिसऱ्या पानावर "आई, हे लक्ष देऊन वाच, नेहमीसारखं वरवर नको" असं लिहिलं आहेस, तेव्हा खात्री पटली.

लक्ष देऊन वाचलं. जुना स्लॅब फोडून काढलास, बरं केलंस. काँक्रीट वाळत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होतं. वाळलं की मेलं. हे वाक्य मी हंबीररावांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तर म्हणाले, "व्हय व्हय, मी त्येच म्हणत हुतो." या माणसाला हरवणं शक्य नाही. मग आदल्या संध्याकाळपासून खडीवर पाणी मारायचं आणि वर कापड घालायचं, सळ्यांना हात लावता येईल इतक्या त्या गार करायच्या, वाऱ्याच्या बाजूला आडोसा बांधायचा, कालवायच्या पाण्यात बर्फाच्या लाद्या टाकायच्या, आणि सूर्य वर यायच्या आत संपवायचं. सिमेंटला बर्फाचं पाणी! मला इथे माठातलं मिळतं. आणि आपल्याकडे स्लॅबवर मातीचे बांध घालून पाणी साठवतात, ते तिकडे दुपारपर्यंत उडून जातं, म्हणून भिजलेली गोणपाटं अंथरायची आणि दिवसभर ओली ठेवायची. समजलं.

वेळेचंही मिटवून आले. कोडोलीला गेले आणि आण्णांच्या समोर बसले. म्हटलं, "आण्णा, मला पहाटेचा मुहूर्त पाहिजे."

"आसं मागून मिळत न्हाय, कालिंदी. पंचांगात बघावं लागतंय."

"बघा. मी बसते."

त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली, बोटांवर काही मोजलं. म्हणाले, "ब्राह्ममुहूर्त हाय की. पहाटंचा. त्यो काय रोजच असतोय."

"रोज असतो? मग मागच्या वेळी का दिला नाहीत?"

"तूच म्हणलीस की! हितंच बसून म्हणलीस, आण्णा, पोरीची झोपमोड नको, जरा उन्हं वर आल्यावरचा द्या."

मी असं म्हणाले असेन असं मला वाटत नाही. मी तर तेव्हा कोडोलीला गेलेच नव्हते, आण्णाच इकडे आले होते, असं मी तुला लिहिलं आहे. पण तू शाळेत असताना कधी सहाच्या आत उठली नाहीस, एवढं मात्र खरं. तर ७ जुलै, ब्राह्ममुहूर्त. या वेळी चिठ्ठी नाही. तुझी वेळ तू ठरवली आहेस, आण्णांनी तिला फक्त मान डोलावली आहे.

आता गोणपाटाचं. तू लिहिलंस तिकडची फाटकी आहेत. मी मार्केट यार्डातून गुळाच्या रव्यांना, म्हणजे ढेपांना, गुंडाळतात ती जाड गोणपाटं आणली. धवलला फोनवर अभिमानानं सांगितलं, तर त्याच्यामागून तू ओरडलेली मला ऐकू आलीस, "गुळाची? साखर लागली तर वरचं सिमेंट धरणार नाही! तिला सांग, आई, तुला काही कळत नाही!" मी तुझ्याशी बोलले नाही, शब्द तो शब्द. पण ऐकलं. दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकला, आणि तो असा. बरं वाटलं.

मग धुणं. अंगणात तीन टपं. पहिल्या पाण्याला अख्ख्या कॉलनीच्या मुंग्या आल्या. बनाबाई म्हणाली, "बाई, जत्रा भरलीय की! नारळ फोडू का?" पाणी गोड लागतंय का ते शेवटी जीभ लावून बघितलं. कॉन्व्हेंटात मला बोरं धुऊन खायला शिकवलं होतं, गोणपाट चाखायला नाही. आता अगदी बेचव आहेत. उन्हात वाळवून, घड्या घालून, दोन बोचकी बांधली आहेत.

बोचकी पार्सलनं पाठवणार नाही. हरवतात. मी स्वतः आणते. अहमदाबादपर्यंत इथूनच गाडी आहे, पुढे जोधपूरला धवल न्यायला येतो म्हणाला. माझ्यासाठी पत्र्याच्या खोलीत पंखा लावलाय, असंही म्हणाला. एक पंखा! वीज मंडळाच्या माणसाला! असो. तांबडा मसाला घेतला आहे. कामगार मटण खात नसतील तर त्यांना आमटी घालू, पण तिखट आपलंच.

एक सांगायचं राहिलं. वरचा मजला भाड्यानं दिला. चंदगडच्या दोन मुली आहेत, दवाखान्यात नोकरीला लागल्यात, खूप हसतात, जिना दणादणा चढतात. किल्ली परवा दिली. तुझे पिवळे पडदे त्यांच्या खिडकीला बरोबर बसले. संध्याकाळी वर दिवा लागतो, आता मला जावं लागत नाही.

तुझी आई


पोकरण
८ जुलै २०२४, सकाळ

निशू,

तू पत्र्याच्या खोलीत झोपली आहेस. काल पहाटेपासून उभी होतीस, म्हणून उठवलं नाही. पण मला तुझ्याशी बोलायची सवय पत्रातच लागली आहे, तेव्हा हे तुझ्या उशाशी ठेवायला धवलकडे देते.

मी वर आहे, स्लॅबवर. धवल नको नको म्हणत होता, "आई, शिडी कच्ची आहे." मी म्हटलं, जावईबापू, मी पक्की आहे. त्यानं शेवटी खाली शिडी धरली आणि पाईप वर दिला. गोणपाटं ओली करते आहे. इथलं ऊन म्हणजे खरंच ऊन आहे, हंबीररावांना येऊन उभं करायला पाहिजे. एका टोकाला पाणी मारून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पहिलं तापायला लागतं, की परत फिरायचं. मला आवडलं हे काम. एकतीस वर्षं मी टेबलामागे बसून काढली, कोणी सांगितलं नाही की असंही काही असतं.

काल तू ओरडत होतीस सगळ्यांवर. कडेला काठी फिरवा, थांबू नका, इकडे आणा, आई मध्ये उभी राहू नकोस! सूर्य वर आला तेव्हा शेवटचं घमेलं पडलं होतं. तुझे बाबा असते तर स्कूटर थांबवून बघत बसले असते. मी त्यांच्यासाठी पण बघितलं.

सकाळी एक कोपरा उचलून बघितला. गोणपाटाखाली काँक्रीट गार होतं, काळसर, ओलं. वाकून, चष्मा लावून बघितलं, बोट फिरवून बघितलं. एक रेघ नाही. मुंगीसुद्धा नाही.

खाली रस्त्यावर एक म्हातारा आणि त्याची बायको उभी आहेत. धवलला काहीतरी विचारतायत, वर बोट दाखवून. बहुतेक माझ्याबद्दल. किंवा घराबद्दल. म्हातारी भिंतीला हात लावून बघते आहे. त्यांना चहाला थांबवून घेते, तू तोंड धुऊन ये.

स्वयंपाकघराची खिडकी काल संध्याकाळी उघडून उभी राहिले होते. वारा येतो. गाढव हा शब्द मागे घेतला.

जाग आल्यावर मी दिसले नाही तर फोन करू नकोस, उचलणार नाही. वर ये.

आई